पुनरुत्थान, तेही देहासकट

मृत्यूनंतर आत्मा सुटला की संपलं, असं ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. अंतिम दिवशी माणूस देहासह उठणार. हे विरोधकांनाही पक्कं ठाऊक होतं. इ.स. 177 मध्ये लियाँ शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत लोटली गेली. त्यांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये हा त्यामागचा हेतू, असं इतिहासकार युसेबियसच्या ग्रंथात नोंदलेलं आहे.

मग शंका आल्याच. नरभक्षकाने खाल्लेलं मांस शेवटी कोणाचं? संत ऑगस्टीन यांनी ‘सिटी ऑफ गॉड’च्या 22व्या खंडात हा प्रश्न चक्क गांभीर्याने घेतला. मांस मूळ मालकाचं, खाणाऱ्याकडे ते उसनं! कापलेल्या केसा-नखांचं काय होणार, याचाही खल त्यांनी केला. अर्भकं प्रौढ देहाने उठतील, असंही मत मांडलं.

कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला मनाई केली आणि 1963 मध्ये ती उठवली. पसंती मात्र आजही दफनालाच.

2016 च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार राख विखरायची नाही, नातलगांत वाटायची नाही, सहसा घरातही ठेवायची नाही. तिची जागा दफनभूमीत किंवा चर्चमध्ये. 2023 मध्ये थोडी सवलत मिळाली : राखेचा अल्प अंश दिवंगताच्या आयुष्यात महत्त्वाच्या ठरलेल्या जागी ठेवण्याची विनंती धर्माधिकारी विचारात घेऊ शकतात.