निसर्गाचा विसर : थोरो, तथागत आणि आपले पाणी

निसर्ग या विषयावर लिहावयाचे म्हटले की आपल्या समाजातील पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. शिक्षण, नोकरी, अन्याय-अत्याचार हे प्रश्न दारात उभे असताना झाडापानांच्या गोष्टी कशाला, असे ते विचारतात. हा प्रश्न आम्ही गैर मानत नाही. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर घागर बुडविता येत नव्हती, त्यांच्या दृष्टीने निसर्ग हा कधी सहलीचा विषय नव्हता. परंतु म्हणूनच या विषयाचा विचार आपण अधिक गांभीर्याने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आधुनिक समाज निसर्गाला विसरत चालला आहे, हा इशारा नवा नाही. अमेरिकेत इमर्सनने 1836 साली ‘नेचर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा तरुण मित्र थोरो 4 जुलै 1845 रोजी वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हाताने बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला व तेथे दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला. त्या अनुभवावरील त्याचे पुस्तक 1854 साली निघाले. या मंडळींच्या विचाराला ट्रान्सेंडेंटॅलिझम म्हणतात. मराठीत अतींद्रियवाद म्हणता येईल. डोळ्यांना दिसते आणि बाजारात विकले जाते तेवढाच निसर्ग नव्हे, त्यापलीकडे त्याला अर्थ आहे, आणि तो अर्थ हरवला की माणूसही आतून पोकळ होतो, असे त्यांचे म्हणणे होते. झाडाकडे पाहताना फक्त लाकडाचा भाव आठवतो, हे त्यांना समाजाच्या आजाराचे लक्षण वाटले.

विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या मंडळींच्या ‘द डायल’ या नियतकालिकात 1844 साली ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राचा काही भाग इंग्रजीत आला. तो बर्नूफ या फ्रेंच पंडिताच्या अनुवादावरून केलेला होता. पुष्कळ वर्षे तो थोरोच्या नावावर होता; पुढे तो एलिझाबेथ पीबॉडी यांनी केल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे ‘वॉल्डन’ मराठीत आणले ते दुर्गाबाई भागवतांनी, आणि जातककथा मराठीत आणण्याचे मोठे कामही त्यांचेच. एकाच लेखणीने ही दोन्ही कामे केली, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही.

तरीसुद्धा थोरो-इमर्सन जसेच्या तसे आपल्याला घेता येत नाहीत. इमर्सन सर्व सृष्टीत एक विश्वात्मा पाहतो. तथागतांनी आत्मा मानला नाही, सृष्टीचा कर्ता ईश्वरही मानला नाही, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ते स्पष्टपणे मांडले आहे. शिवाय देवत्व दिल्याने निसर्ग सुरक्षित राहतो, असा आपल्या देशाचा अनुभव नाही. ज्या नदीची आरती होते तिच्यातच शहराची गटारे सोडली जातात. दुसरे असे की, थोरो हार्वर्डचा पदवीधर होता. त्याची साधी राहणी त्याने स्वतः निवडलेली होती. आपल्या आजा-पणज्यांना ती निवडण्याची सोय नव्हती. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गोडव्यांवर जी कठोर टीका केली, ती विसरून ‘चला निसर्गाकडे’ म्हणणे आपल्याला शोभणार नाही.

मग आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ प्रतीत्यसमुत्पाद आहे. कोणतीही गोष्ट एकटी, स्वयंभू नसते. ती अनेक कारणांवर अवलंबून निर्माण होते व ती कारणे नाहीशी झाली की नाहीशी होते. हा सिद्धांत आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो आणि तेथेच ठेवून येतो. तो यावल-रावेरच्या शेतात उभा राहून पाहावा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा जाड थर आहे. भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या नाल्यांचे पाणी या थरात मुरते आणि सपाटीवरील विहिरींना पोहोचते. वर जंगल तुटले की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. खाली केळीसाठी उपसा वाढत जातो. भूजलाच्या सरकारी पाहणीत हे दोन्ही तालुके अतिशोषित ठरले आहेत.

आमच्यासारख्या बँकेत काम करणाऱ्यांसमोर विहिरीचे कर्जप्रकरण येते तेव्हा त्यात मोटारीची अश्वशक्ती असते, पाइपची लांबी असते, दोन विहिरींतील अंतराचा दाखला असतो. कागद पूर्ण असतो. जमिनीखालचे पाणी मात्र सातबारा पाहून वाहत नाही. ज्याची बोअर खोल त्याला ते मिळते. ज्याची विहीर उथळ त्याची आधी आटते. आणि ज्याला विहीरच नाही त्या मजुराची मजुरी बुडते. निसर्गाच्या उपेक्षेचा पहिला फटका कोणाला बसतो, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

अवलंबित्व ओळखून वागणे खानदेशाला अगदी अपरिचित होते असेही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर तीनशे वर्षांहून जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड. एका फडात एकच पीक. पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ सर्वांना सारखी बसे. ही व्यवस्था शहाणपणाची होती, पण न्यायाची पूर्णपणे नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. ज्याला जमीन नाही त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. पुढे वरच्या बाजूस धरणे झाली, घरोघरी विहिरी-मोटारी आल्या आणि पुष्कळ फड मोडले. साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने 1990 नंतरच्या दशकात उजाड झालेले सुमारे 1100 एकर जंगल राखावयास घेतले. कुऱ्हाडीला दंड ठरविला, बंधारे घातले. जंगल परत आले, त्याबरोबर पाणीही आले. चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली.

बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे काम आपण महाडपाशी थांबवितो. 20 मार्च 1927 चा सत्याग्रह पाण्यावरील हक्काचा होता. परंतु 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी नद्यांचा प्रश्नही हाताळला. दामोदर खोऱ्याच्या योजनेत नदीचे संपूर्ण खोरे एक घटक धरले गेले, आणि नोव्हेंबर 1945 मध्ये कटक येथे महानदीच्या पुराविषयी बोलताना, पाणी समुद्रात काढून देण्यापेक्षा साठवून लोकांच्या उपयोगी आणावे, असा विचार त्यांनी मांडला. ते धरणांच्या बाजूचे होते, यात शंका नाही. मात्र पाणी ही सर्वांची संपत्ती आहे व उगमापासून मुखापर्यंत तिचा एकत्र विचार झाला पाहिजे, ही त्यांची दृष्टी आज यावलच्या केळीबागेलाही लागू पडते.

विनयात भिक्खूंना झाड तोडण्यास व जमीन खणण्यास मनाई आहे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, आणि विनाकारण वन जाळू नये अशी आज्ञा स्तंभावर कोरून ठेवली. अजिंठ्याचे भिक्खू ज्या नदीच्या घळीत राहिले ती वाघूर. तेथील 17 व्या लेण्याच्या शिलालेखात दात्याने पाण्याचे टाके बांधल्याची आवर्जून नोंद आहे. हीच वाघूर डोंगर उतरून जळगाव जिल्ह्यात येते व पुढे तापीस मिळते. तिच्यावरील धरणातून जळगाव शहराला पाणी मिळते. आपली मुले सहलीला अजिंठ्यास जातात, षड्दंत हत्तीचे चित्र पाहतात, पद्मपाणीपुढे उभी राहतात. खाली वाहणाऱ्या नदीचे नाव त्यांना फारसे कोणी सांगत नाही. सकाळी जळगावातील घरून त्यांनी बाटलीत भरून नेलेले पाणी तिचेच असते.