कुंभारीच्या बसमधील चार भाषा

सोलापूर बहुभाषिक शहर आहे, हे व्याख्यानांतून आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु एखाद्या नवख्या गृहस्थास हे खरोखर समजून घ्यावयाचे असेल, तर त्याने ग्रंथालयात जाण्यापूर्वी कुंभारीहून सकाळची बस धरावी, असे आम्ही सुचवू.

कुंभारी हे अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत झाली. २००६ साली घरे ताब्यात मिळाली. पुढे रे नगर उभे राहिले व त्यातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. घर गावाबाहेर आणि विडीचा कारखाना गावात. म्हणून ही बस.

वळलेल्या विड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बायका आपसांत तेलुगू बोलतात. वाहक मराठीत "अक्का, पुढं सरका" म्हणतो. खिडकीशी बसलेले आजोबा कानडीत पाऊसपाणी विचारतात आणि मागे पोरांची दखनी चाललेली असते. या दखनीतला 'नक्को' मराठीचाच. तेलुगूतील 'या' असा एक आदराचा शब्द मात्र मराठी कानाला थेट शिवी वाटतो. नवख्याने रागावू नये.

ही मंडळी एकत्र कशी आली? १८७७ च्या सुमारास येथे जुनी मिल सुरू झाली. निजामाच्या राज्यातील तेलंगणात हातमागाचे पोट भरेना, तेव्हा पद्मशाली विणकर कामाच्या शोधात इकडे आले. पुरुष मागावर बसला, बाईने घरी विड्या वळल्या. आजही नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो. कानडी माणसाची गोष्ट निराळी. तो येथे 'आला' असे म्हणणे चूक आहे. सिद्धेश्वरांचे हे गाव त्याचेच, प्रांतांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवावेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. नावेच पुरेशी बोलकी आहेत.

तरीही बसमध्ये शेजारी बसले म्हणून सर्व एक झाले, असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. विडीची मजुरी हजारावर ठरते. मोजताना कारकून काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाट जास्त निघाली की बाईचा दिवस बुडतो. मराठी धड न येणारी म्हातारी तेथे गप्प राहते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. म्हणून सभेत भाषण मराठीत झाले तरी दराचा नि छाटीचा मुद्दा तेलुगूत सांगावाच लागतो. नुसते तेलुगू पत्रक काढूनही भागत नाही. बोलणाऱ्या अनेकींना ती लिपी वाचता येत नाही. मुली मराठी शाळेत शिकलेल्या, त्या मराठी पत्रक वाचून आईला तेलुगूत समजावतात.

बस चुकली तर रिक्षाचे पैसे पडतात. ते किती, हे बायका रुपयांत सांगत नाहीत. किती विड्या जास्त वळाव्या लागतील, ते सांगतात. कारखान्याच्या वेळेला जुळणारी बस मिळावी, ही कुंभारीकरांची मागणी या हिशेबातून आली आहे.