वचनभंग आणि देवांचा अंत

देव म्हटला की तो अमर, ही कल्पना आपल्या मनात लहानपणापासून रुजलेली असते. समुद्रमंथनाची कथा ऐकलेल्या मुलास ‘देवही मरतात’ असे सांगितले, तर त्याचा विश्वास बसावयाचा नाही. परंतु युरोपच्या उत्तरेस नॉर्वे, आइसलंड आदी शीत देशांत पूर्वी ज्या देवांची पूजा होत असे, ते देव मर्त्य होते. इदुन नावाच्या देवीजवळची सफरचंदे खाऊन ते वार्धक्य दूर ठेवीत. तथापि एका महायुद्धात आपला अंत ठरलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते. या देवांतास ‘रॅग्नारोक’ असे नाव आहे. हे देव कशामुळे मेले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आइसलंडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतकांनी, १२२० च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसोन या विद्वानाने आपल्या ‘एड्डा’ ग्रंथात जुन्या देवकथा लिहून ठेविल्या. त्याहून जुनी देवकाव्ये १२७० च्या सुमारास लिहिलेल्या एका चर्मपत्राच्या पोथीत सापडतात. ही पोथी १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली व १९७१ मध्ये सन्मानाने आइसलंडला परत आली.

या लोकांना शपथेचे महत्त्व विशेष वाटे, त्यास कारण होते. आइसलंडमध्ये ९३० मध्ये ‘अल्थिंग’ नावाची लोकसभा स्थापन झाली. तेथे कायदे होत, निवाडे होत. परंतु देशात राजा नव्हता आणि निवाडा अमलात आणणारे शिपाईही नव्हते. ते काम ज्याचे त्याने करावयाचे असे. अशा समाजात दिलेला शब्द हाच कायद्याचा कणा होय. देवालयातील कड्यावर हात ठेवून शपथ घेतली जाई, असे जुन्या कथांत वर्णन आहे.

आता देवांची वागणूक पाहा. एकदा एक अनोळखी गवंडी देवांकडे आला. अभेद्य तट बांधून देतो. मोबदल्यात फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र द्या, असे तो म्हणाला. एका हिवाळ्यात, कोणाही माणसाच्या मदतीवाचून काम पुरे केल्यास मोबदला मिळेल, असे ठरले. त्याला आपला घोडा तेवढा वापरू द्यावा, असा सल्ला कपटी लोकीने दिला. वज्रासारखा हातोडा धारण करणारा थॉर तेव्हा परदेशी होता. तो परतल्यावर आपल्या जिवास अपाय होऊ नये, म्हणून गवंड्याने देवांकडून अभयाच्या शपथाही घेवविल्या. मुदतीस तीन दिवस उरले, तट पुरा होत आला आणि देव घाबरले. लोकीने घोडीचे रूप घेऊन गवंड्याचा घोडा पळविला. गवंडी संतापला, तेव्हा तो दैत्य आहे हे उघड झाले. देवांनी शपथा बाजूस सारून थॉरला बोलाविले व त्याने गवंड्याचे मस्तक फोडले. दगडी तट उभारण्याच्या नादात शब्दाचा तट ढासळला!

दुसरी कथा फेनरिर नावाच्या लांडग्याची. त्याच्या वाढत्या बळाचे देवांना भय वाटू लागले. दोन भक्कम बेड्या त्याने तोडल्या. तेव्हा मांजराच्या पावलांचा आवाज, माशाचा श्वास, पर्वताची मुळे अशा अद्भुत वस्तूंपासून खुजांनी रेशमी फितीसारखे बंधन तयार केले. ‘तोडता आले नाही तर आम्ही तुला सोडू’ असे देवांनी सांगितले. लांडग्याने तारण मागितले. एकट्या टीर देवाने आपला उजवा हात त्याच्या जबड्यात ठेविला. बंधन तुटेना. सारे देव हसले. टीर मात्र हसला नाही, कारण त्याचा हात गेला होता. इंग्रजीतील ‘ट्यूसडे’ हा वार याच टीरच्या नावाचा आहे.

तिसरी कथा बाल्डरची. या लाडक्या पुत्राला इजा करणार नाही, अशी शपथ फ्रिग देवीने अग्नी, पाणी, लोखंड, दगड, रोग, पशू या सर्वांकडून घेतली. एक कोवळे बांडगूळ मात्र तिने लहान समजून वगळले. लोकीने तेच आंधळ्या होडरच्या हाती दिले आणि बाल्डर मेला.

‘वोलुस्पा’ या काव्यात एक भविष्यवादिनी ओडिनला सृष्टीचा वृत्तांत सांगते. त्यात शपथा मोडल्याचा उल्लेख आधी येतो, मग बाल्डरचा मृत्यू आणि त्यानंतर सर्वनाश. उन्हाळ्यावाचून तीन हिवाळे लागोपाठ येतात, भाऊ भावास मारतो. बंधन तुटते आणि फसविला गेलेला फेनरिर देवराज ओडिनलाच गिळतो. थॉर महासर्पास मारतो, पण त्याच्या विषाने नऊ पावलांवर स्वतःही पडतो.

आपल्या रामायणात दशरथाने दिलेले वचन पाळले आणि त्यापायी प्राण गमावले. तरी त्याच्या कुळाची कीर्ती राहिली. उत्तरेकडील देवांनी प्राण वाचविण्यासाठी वचन मोडले आणि शेवटी प्राणही गेले. ही नुसती कल्पना नव्हे. स्नोरीच्या काळी आइसलंडमधील सरदार घराणी परस्परांत लढत होती. १२४१ मध्ये त्याच्याच एका पूर्वीच्या जावयाने धाडलेल्या माणसांनी घराच्या तळघरात त्याचा वध केला. पुढे १२६२ पासून ते लोकराज्य नॉर्वेच्या राजाच्या सत्तेखाली गेले.

इंग्रज प्राध्यापक टॉल्किन यांच्या १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतील अनेक खुजांची नावे ‘वोलुस्पा’तूनच घेतलेली आहेत. तीत शपथ मोडणारे योद्धे मेल्यावरही विश्रांती पावत नाहीत. शपथ पुरी केल्यावरच त्यांची सुटका होते.

रॅग्नारोकनंतर समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते. बाल्डर आणि त्याला नकळत मारणारा होडर दोघेही परत येऊन एकत्र नांदतात. गवतात जुन्या देवांच्या खेळातील सोन्याच्या सोंगट्या सापडतात. नवा डाव मांडावयास त्या पुरेशा आहेत. तो कसा खेळावयाचा, हे मात्र खेळणारांच्या शब्दावर अवलंबून आहे.