शुश्रूषा आणि यंत्रे

वृद्धांची शुश्रूषा म्हटली की आपल्या मनात उभी राहते ती उशाशी बसलेली प्रेमळ व्यक्ती. या कामात यंत्राचा शिरकाव होईल असे कोणास वाटावे? परंतु जपानात तो झाला आहे. तेथील शेकडा २९ लोक वयाच्या पासष्टीत किंवा त्यापुढे आहेत, आणि त्यांची सेवा करणारे तरुण हात अपुरे पडतात.

या कामातील सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचाराल तर उचलण्याचा. माणसाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचे, तेथून न्हाणीघरात न्यायचे, पुन्हा खाटेवर निजवायचे. दिवसातून कितीदा तरी हे करावे लागते आणि परिचारकाची कंबर त्यात कामास येते. म्हणून २०१३ साली तेथील सरकारने असे मार्गदर्शन केले की, केवळ अंगबळाने माणसाला उचलणे शक्यतो टाळावे. आता झोळीचे उचलयंत्र वापरतात. मात्र झोळी योग्य मापाची निवडणे, ती अंगाखाली सुरकुती न पडता सरकवणे, पट्टे तपासणे, आणि "आजोबा, आता वर उचलतो हं" असे आधी सांगणे, हे सारे नव्याने शिकावे लागते. अधांतरी लोंबकळताना कोणासही भीती वाटणारच! शिवाय यात वेळ अधिक जातो. म्हणून घाईच्या वेळी यंत्र कोपऱ्यात आणि माणूस पुन्हा कामास, असेही घडते.

रात्रपाळीची रीतही बदलली. गादीखाली ठेवलेली पातळ पट्टी शरीराच्या सूक्ष्म हालचालींवरून श्वास व नाडी ओळखते आणि कोण झोपले, कोण जागे, कोण उठून बसले, हे पडद्यावर दाखवते. मात्र आजी रोज दोन वाजताच का जागी होते, तहानेने, वेदनेने की ओल्या अंथरुणाने, हे त्या पट्टीस सांगता येत नाही. ते ओळखण्यास परिचारिकाच हवी.

शिबाता ताकानोरी या संशोधकाने सीलच्या पिल्लासारखे 'पारो' नावाचे केसाळ यंत्र बनविले. स्पर्श व आवाज यांना ते प्रतिसाद देते. स्मृतिभ्रंश झालेल्या कित्येक वृद्धांस त्याने शांतता लाभते. २००९ साली अमेरिकेत त्यास वैद्यकीय साधन म्हणून मान्यता मिळाली. तथापि काही वृद्धांना मात्र त्यात पोरकटपणा वाटतो. ते कोणास द्यावे, केव्हा काढून घ्यावे, हा निर्णय माणसाचाच.

जेम्स राइट या अभ्यासकाने जपानमधील एका वृद्धाश्रमात पाहणी केली व २०२३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्रांमुळे काम हलके होण्याऐवजी ती हलविणे, पुसणे व सांभाळणे हे नवेच काम वाढले, असे त्यास आढळले. 'पेपर' नावाचा यंत्रमानव तेथे वृद्धांकडून व्यायाम करवून घेई. पण नुसत्या त्याच्याकडे पाहून वृद्धांचे हात हलेनात. मग त्याच्या शेजारी एक परिचारक उभा राहून तेच शब्द पुन्हा उच्चारी, तेच हातवारे करी.