बॅटरीची तहान
पाण्याचे मोल धाराशिव जिल्ह्याला शिकवायला नको. पण मोटारीची बॅटरीही तहानेने अकाली मरते, हे थोडेच ध्यानात घेतात. तिच्या ६ कप्प्यांत शिशाच्या प्लेटा पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की त्यातील पाणी उडते, आम्ल मात्र उरते. म्हणून, झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास, प्लेटा उघड्या पडण्याआधी ऊर्ध्वपातित पाणीच घालावे; आम्ल नको, बोअरचे क्षारयुक्त पाणी तर मुळीच नको. दुसरा शत्रू म्हणजे आळस. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते आणि प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती पुरती भरत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गाडी दूरवर फिरवून आणावी.