अमेरिकेतली सायकल लेन: डेव्हिस ते न्यूयॉर्क

अमेरिकेत शहरी रस्त्यांवर पट्टा आखून सायकलींना वेगळी लेन देण्याची सुरुवात १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या विद्यापीठाच्या गावात झाली. वर्षभर नेदरलँड्समध्ये राहून आलेल्या एका कुटुंबाने ही मागणी लावून धरली, १९६६ च्या नगर परिषद निवडणुकीत ती गाजली आणि राज्याचा कायदाही बदलावा लागला.

मात्र नुसता रंगवलेला पट्टा मोटारी अडवत नाही. डिलिव्हरीची गाडी बिनधास्त त्यावर उभी राहते, आणि पार्क केलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले की सायकलस्वार थेट त्यावर आदळतो. न्यूयॉर्कने १९८० मध्ये मॅनहॅटनच्या काही अव्हेन्यूंवर कठडे घालून लेन वेगळ्या केल्या होत्या. विरोध झाला आणि महापौर एड कॉच यांनी काही आठवड्यांतच ते कठडे उखडायला लावले. एवढ्या थोड्या काळात कोणत्याही रस्त्याची परीक्षा होत नाही, हा भाग वेगळा.

२००७ मध्ये त्याच शहराने नाइन्थ अव्हेन्यूवर साधी पण हुशार मांडणी केली: फुटपाथला लागून सायकली, मग मोकळा पट्टा, त्यापलीकडे पार्किंग. उभ्या मोटारीच सायकलींची भिंत झाल्या. मोकळ्या पट्ट्यामुळे दाराचा धोकाही घटला.

खरी कसोटी चौकात लागते, कारण वळणारी मोटार आणि सरळ जाणारी सायकल तिथेच एकमेकींसमोर येतात. म्हणून नाइन्थ अव्हेन्यूवर सायकलींना स्वतंत्र सिग्नल दिला; तो हिरवा असताना डावीकडे वळणाऱ्या मोटारींना लाल बाण असतो.