गांठीचा ताप आणि परळचें औषध

पायाच्या बोटास ठेंच लागून ती चिघळली म्हणजे जांघेंत गांठ येते. तिला घरांतील वडील मंडळी 'अवधाण' म्हणतात. शब्द जुना आहे, आणि त्यामागील निरीक्षण अचूक आहे. जखम बोटाला आणि गांठ जांघेंत, हा संबंध कोणा डॉक्टरानें सांगण्यापूर्वींच आपल्या आजीबाईंना ठाऊक होता. शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज दुसरें एक सूक्ष्म नळ्यांचें जाळें असतें. रक्तांतून झिरपलेला पिंवळसर द्रव, ज्यास लसीका म्हणतात तो, या नळ्यांतून सावकाश वाहत जाऊन पुन्हां रक्तास मिळतो. वाटेंत जांघेंत, कांखेंत व मानेंत लसीकाग्रंथींचीं ठाणीं आहेत. जकातीच्या नाक्यावर गाडी थांबवून माल तपासावा, त्याप्रमाणें येथें जंतु अडविले जातात. झुंज लागली कीं गांठ सुजते. साधें अवधाण बहुधा पायाची जखम भरून येतांच बसतें.

परंतु नाकाच शत्रूच्या हातीं गेला तर काय होतें, हें मुंबईनें १८९६ सालीं पाहिलें. त्या वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत मांडवीच्या दाट वस्तींत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगचे पहिले रोगी ओळखले. हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवांमुळें माणसास होतो. त्या काळीं बहुतेक लोक अनवाणी वावरत, तेव्हां चावा पायाला आणि गांठ जांघेंत, हा क्रम पुष्कळदां अवधाणासारखाच असे. फरक असा कीं, ग्रंथींतील ज्या पेशींनीं जंतु गिळून मारावयाचे, त्यांच्याच पोटांत प्लेगचे जंतु जिवंत राहून वाढूं शकतात. चाव्यानंतर थोड्याच दिवसांत थंडी वाजून ताप चढतो, डोकें दुखूं लागतें, आणि हात लावूं देणार नाहीं अशी दुखरी गांठ येते. पुढें जंतु रक्तांत शिरतात; कित्येकदां फुफ्फुसांत उतरतात, आणि मग खोकल्यावाटें एकापासून दुसऱ्यास लागण होते. औषध न मिळाल्यास गांठीच्या प्लेगचे शेंकडा ३० ते ६० रोगी दगावतात. फुफ्फुसाच्या प्लेगचा रोगी तर औषधावांचून जवळ जवळ वांचतच नाहीं.

त्या काळच्या मराठी लेखनांत या रोगास 'ग्रंथिक सन्निपात' असें भारदस्त नांव मिळालें. नांव संस्कृत असलें म्हणजे रोगही आपल्या ग्रंथांत सांपडलाच पाहिजे, अशी एक समजूत असते. आणि सुश्रुताच्या निदानस्थानांतील 'अग्निरोहिणी' म्हणजेच प्लेग, असें प्रतिपादन झालेलें आहे. कांखेच्या भागीं उठणारे, अग्नीप्रमाणें दाह करणारे फोड, ताप, आणि सात, दहा किंवा पंधरा दिवसांत मृत्यु, असें तिचें वर्णन आहे. मला यांत साम्य दिसतें, ऐक्य दिसत नाहीं. वरचा फोड निराळा आणि आंतली गांठ निराळी. मात्र सुश्रुतानें तिला स्पष्टपणें असाध्य म्हटलें आहे, हा प्रामाणिकपणा वाखाणण्यासारखा आहे. १८९६ सालीं पाश्चात्त्य वैद्यकाजवळ तरी या रोगावर काय होतें?

येथें लस आणि औषध यांतील भेद ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतही या दोहोंचा घोटाळा होतो. वाल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें आली. याच वाड्यांत १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या होत्या, व त्यानंतर गव्हर्नरांचें बिऱ्हाड मलबार हिलच्या टोंकास गेलें. रोगाच्या भयानें टाकून दिलेला वाडा रोगांच्या अभ्यासाच्या कामीं यावा, हा योग विलक्षण खरा. १९२५ सालीं या संस्थेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें.

तथापि लस ही निरोगी माणसासाठीं. एकदां गांठ आल्यावर तिचा कांहीं उपयोग नव्हता. आर्थर रोडच्या रुग्णालयांत, जें आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलें जातें तेथें, डॉ. नसरवानजी चोक्सी यांनीं लस्टिग यांच्या रक्तद्रव्याचे प्रयोग चिकाटीनें केले. परंतु सर्वत्र भरंवसा ठेवावा असें यश त्या उपचारास आलें नाहीं. बाकी राहिलें पोटीस, गांठेवर शस्त्र आणि हृदयास उत्तेजक द्रव्यें.

औषध हातीं नव्हतें, म्हणून सरकारनें बळजोरी हातीं घेतली. घरांची झडती, रोग्याची रुग्णालयांत रवानगी, घरच्यांची छावणींत, आणि अंथरुणापांघरुणांची होळी, असा तो कारभार होता. १८९६ च्या ऑक्टोबरांतच गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोकांनीं गांठी लपविल्या, प्रेतेंही लपविलीं, याला आपण नुसतें अज्ञान म्हणतों. मला तें पूर्णपणें न्याय्य वाटत नाहीं. ज्या ठिकाणीं उपचार असा नाहींच, तेथें आपलें माणूस कां सोंपवावें, या प्रश्नाला तेव्हां खरें उत्तर नव्हतें. हिंदुस्थानांत पुढील तीन दशकांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

उत्तर आलें तें परळच्या त्याच वाड्यांतून. १९३५ सालीं जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनीं प्राँटोसिलचा गुण प्रसिद्ध केला आणि सल्फा औषधांचें युग सुरू झालें. १९३२ पासून साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांनीं व डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनीं १९४० च्या सुमारास सल्फाथायाझोल हें औषध प्लेगनें आजारी केलेल्या प्राण्यांस देऊन पाहिलें, आणि मग डॉ. वागळे आदि सहकाऱ्यांसह रोग्यांवरील अनुभव १९४१ सालीं प्रसिद्ध झाले. याची युक्ति मोठी मौजेची आहे. जंतूस वाढीकरितां फोलिक आम्ल स्वतः बनवावें लागतें. त्यासाठीं लागणाऱ्या एका द्रव्यासारखें हुबेहूब दिसणारें सल्फा त्याच्या कारखान्यांत शिरतें, आणि कुलुपांत खोटी किल्ली अडकावी तसें काम बंद पाडतें. ज्या गांठेपुढें ४४ वर्षें सर्वांनीं हात टेंकले, ती आतां तोंडानें घ्यावयाच्या औषधानें हटूं लागली. हेच दीक्षित पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

सल्फाचें राज्य फार टिकलें नाहीं. १९४३ सालीं अमेरिकेंत शोधलेलें स्ट्रेप्टोमायसिन १९४७-४८ च्या सुमारास आपल्याकडील प्लेगच्या रोग्यांस मिळूं लागलें, आणि तें अधिक प्रभावी ठरलें. त्याचा दोष असा कीं, तें कानास व मूत्रपिंडांस अपाय करूं शकतें. आज जेंटामायसिनचें इंजेक्शन किंवा डॉक्सिसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन हीं औषधें सुमारें दहा दिवस देतात. रोग्याच्या अगदीं निकट आलेल्या माणसांनाही सात दिवस प्रतिबंधक औषध देण्याची वहिवाट आहे. पेनिसिलिन मात्र या रोगांत निरुपयोगी. तेव्हां 'अँटिबायोटिक चालू आहे' एवढ्यावर समाधान मानणें येथें प्राणावर बेततें.

१९९४ सालीं या सर्वाची परीक्षा झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं लोक भयानें घराबाहेर राहिले. ओस घरांत धान्य आणि उंदीर एकत्र नांदले, आणि पुढल्या वर्षीं गांठीचा ताप उद्भवला. पाठोपाठ सप्टेंबरांत सुरतेस फुफ्फुसाच्या प्लेगची वार्ता उठली. लाखों माणसें शहर सोडून पळालीं आणि टेट्रासायक्लीनच्या कॅपसुलांसाठीं दुकानांत झुंबड उडाली. १८९६ च्या पळणाऱ्यांजवळ सबळ कारण होतें; १९९४ सालीं औषध पेठेंत असतांना रोगी औषधापासूनच दूर पळत होता.

आतां, गांठ म्हणजे प्लेग असें कोणी समजूं नये. मानेंतील गंडमाळ बहुधा क्षयाची असते आणि तिचें औषध निदान सहा महिने चालतें. न दुखतां महिना महिना राहणारी व वाढणारी गांठ कर्करोगाकरितां तपासावी लागते. परंतु घरांत वा आजूबाजूस उंदीर पडले असतील आणि कोणास एकाएकीं ताप येऊन दुखरी गांठ आली, तर ती शेकीत बसूं नये, आणि उंदरांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवूं नये. जाणता डॉक्टर सुईनें गांठेंतील द्रव काढून तपासणीस धाडतो. पहिली मात्रा देण्यास मात्र तो त्या उत्तराची वाट पाहत नाहीं.